थांबे

आधी वाटलं, अण्णांना म्हातारपणी साड्यांचा नाद लागला.
विजय टॉकीजपासून सोन्या मारुतीपर्यंत
लक्ष्मी रस्त्यावर दर शंभर पावलांनी थांबायचे,
काचेसमोर, हात मागे बांधून,
जणू उद्या कुणाचा बस्ता बांधायचाय.
एक मिनिट. कधी दोन.
मग चालू लागायचे, काही झालंच नाही असे.

मी चिडायचे. अण्णा, मंडई बंद होईल.
थांब गं, ही जांभळी बघ. काठ बघ.
ज्या माणसाने आईला आयुष्यात दोन साड्या स्वतः निवडून आणल्या,
आणि दोन्ही एकाच रंगाच्या.

पोटरीत गोळा येतो, हे सांगितलं नाही कुणाला.
चाललं की येतो, थांबलं की जातो,
म्हणजे आजार नव्हे, खोड आहे, असा हिशोब.
चौतीस वर्षं पाणीखात्यात चावीवाले होते ढमढेरे.
पहाटे चारला सायकलवर लोखंडी चावी आडवी टाकून
आधी कसबा, मग रास्ता पेठ, मग नाना पेठेची चढाची लाइन.
कुठल्या बोळाखाली किती इंची नळ, कुठे गंजलाय,
सगळं तोंडपाठ. आणि ओठात बिडी.

उजव्या अंगठ्याला नखाजवळ जखम झाली. भरेना.
तीन आठवडे हळद लावली,
मग मी उचलूनच नेलं.

पानसे डॉक्टरांनी आधी पाय पाहिले, कागद नंतर.
पावलावर दोन बोटं ठेवून डोळे मिटले.
घोट्याशी नाडी मिळेना. गुडघ्यामागे मिळेना.
जांघेत मिळाली.
"नडगीवरचे केस कधी गेले?"
"डोक्यावरचे गेले तेव्हाच, बहुतेक."

मग फरीदा बागवान नावाच्या मुलीने
दंडाला पट्टा बांधला, घोट्याला बांधला,
गार जेल लावून पेनाएवढं यंत्र टेकवलं.
डावा पाय बोलला: झप्प-झप, झप्प-झप.
उजव्यात नुसतं हूऽऽ.
अण्णा उठून बसले.
"हा आवाज ओळखीचा आहे.
शेवटच्या घराचा नळ सोडला की
पाण्याआधी वारा येतो, तो."

घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब:
शून्य पॉइंट चार आठ.
याचा अर्थ त्यांनीच मला समजावला,
डॉक्टरांना बोलू दिलं नाही.
शेवटी पानसे बाई म्हणाल्या,
"खरंय ढमढेरे. पण पाइप बिडी ओढत नाही."

रिक्षात त्यांनी बंडल माझ्या हातात दिलं.
तीन उरल्या होत्या. मोजून दिल्या.

जांघेतून तार घातली. नंतर आम्हाला चित्र दाखवलं:
मांडीच्या मध्यावर शाई थांबलेली,
आणि आजूबाजूने केसासारखे शंभर फाटे,
वेडेवाकडे, अडथळ्याला वळसा घालून खाली उतरलेले.
"ही तर सगळी बेकायदा कनेक्शनं!"
"त्यांच्यावरच पाय तगला तुमचा."
अण्णा बराच वेळ बघत राहिले.
"आयुष्यभर तोडली मी," म्हणाले. एवढंच.

फुगा फुगवला, जाळी बसवली, तासाभराचं काम.
रात्री वॉर्डात पांघरुणाखाली हात घालून
मी पाऊल चाचपलं.
ऊबदार.
इतकी वर्षं या पायांना हात लावला
तो फक्त दिवाळी-दसऱ्याला, वाकून, घाईत.
गार कधी पडले, कळणार कसं?

आता चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली लिहिलंय:
रोज चाला. दुखेपर्यंत. थांबा. पुन्हा चाला.
डावा पाय अजून शून्य पॉइंट आठ,
त्याचं पुढे बघू.

काल लक्ष्मी रस्त्यावर शंभर पावलं झाली, दोनशे झाली,
मी मनात मोजत होते.
कुंटे चौकाच्या अलीकडे थांबले.
"दुखतंय?"
"नाही गं. ती जांभळी गेली वाटतं."
पुतळ्याला आता पोपटी नेसवलेली.
आणि चपला काढून चक्क आत गेले विचारायला,
कुणी नेली, केवढ्याला नेली.

मी बाहेर उभी, हातात भाजीची पिशवी.
अर्धा तास.
माझ्याच पोटऱ्या भरून आल्या.